नातवंडं तीन

“नातवंडं किती लिहू, दादा?” देवराजनं विचारलं.

“तीन,” हरिप्रसाद म्हणाला.

“चार,” दारातून त्याची बायको चंद्रकला म्हणाली.

देवराजचं पेन थांबलं. तो हरिप्रसादचा धाकटा भाऊ, शाळेत मास्तर. घरात फ्रेंच लिहिता येणारा तोच. त्यांची आई भगवती पहाटे गेली होती. ती बातमी पोलीस स्टेशनच्या फोनवरून रेडिओला कळवायची होती. पाऊण वाजता मृत्यूच्या सूचना वाचायला लागले, की बेटभर लोक हातातलं काम ठेवून ऐकत. चार वाजता गावातून, कांप दे मास्कमधून, अंत्ययात्रा निघणार होती. लांबच्या नातेवाइकांना कळायला दुसरा रस्ता नव्हता.

“कृष्णदेव, कामिनी, प्रेम,” हरिप्रसाद म्हणाला. “तीन. लिही.”

चौथी रीता, त्याची थोरली. चार वर्षांपूर्वी एका आफ्रिकी वंशाच्या क्रेओल मिस्त्रीशी चर्चमध्ये लग्न करून ती बेटाच्या दक्षिण टोकाला, सूयाकला गेली. तेव्हापासून या घरात तिचं नाव घ्यायला बंदी होती. आजी तेवढी घ्यायची, तीही मोठ्यानं.

देवराज सायकल काढत होता तेव्हा चंद्रकला फाटकापर्यंत धावली.

“भावजी, चार सांगा. फोनवर कोण ऐकायला येतंय?”

देवराजनं कागद खिशात घातला. “दादाचं घर आहे, वहिनी,” तो म्हणाला आणि पायडल मारलं.

मग तिचा पाय घरात ठरेना. ओसरीवर बायका बसल्या होत्या. ती त्यांच्यात बसायची, उठायची, खोलीत जाऊन सासूच्या अंगावरची चादर नीट करायची, पुन्हा बाहेर यायची. सूयाकला माणूस पाठवावा तर तो पोचून परत येईपर्यंत सगळं उरकलं असतं. आणि रीताकडे रेडिओ तरी होता का? आपल्या मुलीच्या घरात काय आहे न् काय नाही, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

देवराज परत आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि तो बांबू कापणाऱ्या माणसांकडे निघून गेला.

पाऊण वाजता शेजारच्या इंद्राणीनं ट्रान्झिस्टर आणून खिडकीत ठेवला. ओसरी गप्प झाली. आधी रोझ हिलचा कुणी म्हातारा, मग एक बाई, मग पुन्हा कुणी. चंद्रकलाला फ्रेंच येत नव्हतं, पण नावं कळायला भाषा कशाला लागते? “भागवाती,” वाचणारा म्हणाला आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

हरिप्रसाद. देवराज. सुना. मग कृष्णदेव. तिनं करंगळी मुडपली. कामिनी. दुसरं बोट. प्रेम. तिसरं.

पुढे तो आवाज आणखी काहीतरी बोलत राहिला. तिला त्यात एकही ओळखीचा शब्द लागला नाही. चौथं बोट तसंच ताठ राहिलं. मग दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं.

“बंद कर गं तो,” ती इंद्राणीला म्हणाली.

तीनपर्यंत अंगण भरलं. कार्तिए मिलितेरची माणसं आली, फ्लाकची आली. साडेतीनला तिरडी तयार झाली. चंद्रकला म्हणाली, फुलं कमी आहेत. फुलं आणली. ती म्हणाली, तुळस सुकलेली आहे, ताजी आणा. ताजी आणली.

“कुणाची वाट बघतेस?” हरिप्रसादनं खालच्या आवाजात विचारलं.

“कुणाची नाही.”

“मग सर बाजूला.”

त्यानं आईच्या तोंडावर कापड ओढलं आणि स्वतःच दोरी आवळून बांधली. चौघांनी खाली वाकून बांबूंना हात घातला.

तेवढ्यात उसाची लॉरी रस्त्यावर करकचून थांबली. ड्रायव्हरच्या शेजारून रीता उतरली. अंगात घरातला फ्रॉक, हातात चपला. कार्तिए मिलितेरला बस चुकली, तशी ती या लॉरीत चढली होती. अंगणातली माणसं आपोआप बाजूला झाली. ती बापासमोर येऊन उभी राहिली, धापा टाकत.

“तुला कुणी बोलावलं?” हरिप्रसादनं विचारलं.

“रेडिओनं.”

“त्यात तुझं नाव नव्हतं.”

“नव्हतं. ऐकलं मी,” रीता म्हणाली. “पण शेवटी काय वाचलं, ते ऐकलंत ना, बाबा? ज्यांना चुकून कळवायचं राहिलं, त्यांनी राग मानू नये. हेच बोलावणं समजावं.” तिनं श्वास घेतला. “मी राग मानला नाही.”

हरिप्रसाद देवराजकडे वळला. “तू सांगितलंस असं वाचायला?”

“नाही, दादा,” देवराज म्हणाला. “ते सगळ्यांच्याच सूचनेत असतं. रोज वाचतात.”

बांबूंना हात लावलेले चौघे तसेच ओणवे होते. त्यातल्या एकानं आभाळाकडे पाहिलं. चंद्रकला ओसरीच्या पायरीवर आली, पण खाली उतरली नाही.

“थांबा जरा,” हरिप्रसाद म्हणाला.

तो आईच्या डोक्याशी गुडघ्यावर बसला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ त्यानंच घट्ट मारली होती. नखानं सुटेना, तेव्हा त्यानं दात लावले.