तेहतीसवरचा माणूस

दातांच्या डॉक्टरांनी पायाने कळ दाबली, खुर्ची मागे कलली आणि ग्रंथपाल बाई छताकडे बघत आडव्या झाल्या. दर रविवारी दुपारी दवाखाना बंद असला की इथे रॉक-पंकवाली मंडळी जमत. ज्याची पाळी असेल त्याने आपली लाडकी रेकॉर्ड डॉक्टरांच्या हाती द्यायची आणि पेशंटच्या खुर्चीत पडायचं, असा इथला रिवाज. डॉक्टर म्हणत, या खुर्चीत कोणी बढाया मारत नाही.

बाई पहिल्यांदाच आल्या होत्या.

"बोला बाई, कोणाला आणलंय?"

"नाव नाही माहीत," बाई छताला म्हणाल्या. "जुन्या बाजारात घेतली, तेव्हाच वरचं पाकीट नव्हतं. भाषाही कळत नाही. पण हा माणूस फार सावकाश गातो. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन एकदाचं बोलायचं, तसा आवाज आहे त्याचा." वर त्या म्हणाल्या, "माझी बहीण त्याला भावोजी म्हणते."

भोंगा फिस्सकन हसला. भोंगा म्हणजे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. आठवडाभर सायरन ऐकून त्याचं पोट भरत नसे, म्हणून सुट्टीला तो पंक ऐके. त्याच्या शेजारी निवृत्त हेडसर बसले होते. त्यांना जुनं, ऐसपैस रॉक लागे. पंक म्हणजे मधल्या सुट्टीतला गोंधळ, हे त्यांचं ठाम मत.

बाईंना मात्र हसू आलं नाही. त्या आवाजावर त्यांचा जीव होता. घरच्यांना दाखवायला मुलगा आणावा, तशी त्यांनी ही रेकॉर्ड आणली होती. इथे कोणी नाक मुरडलं असतं, तर त्या या दाराशी पुन्हा आल्या नसत्या.

डॉक्टरांनी दाढा तपासायचा दिवा रेकॉर्डवर वळवला. मधल्या गुळगुळीत भागात काहीतरी खरडलेलं होतं, ते वाचून त्यांनी प्लेअरचा वेगाचा खटका सरकवला आणि सुई टेकवली.

गिटारी एकदम अंगावर धावून आल्या. मागोमाग ड्रम जिन्यावरून गडगडत यावेत तसे आले आणि त्या सगळ्यावर एक पोरगी किंचाळायला लागली. सतरा-अठराची असेल. तिला श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती.

भोंगा उठून उभाच राहिला. "वा बाई, मानलं तुम्हाला. मला वाटलं, काहीतरी गुळमुळीत आणाल. काय ठसका आहे पोरीचा."

 हे गाणं बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी ओळीओळीला कुठे वळण येणार, हे त्यांना आधीच कळत होतं. भोंगा पायाने ताल धरत होता. आता नुसतं गप्प बसलं, की काम झालं होतं. मंडळींनी त्यांना आपल्यात घेतलंच होतं.

"थांबवा ते," बाई म्हणाल्या. "हा तो नाही."

डॉक्टरांनी सुई उचलली. "रेकॉर्ड तुमचीच आहे बाई. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची आहे."

"एवढी मोठी? मोठ्या तेहतीसवरच लावायच्या असतात ना?"

 मग भोंग्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो पोट धरून हसत सुटला. "म्हणजे ही पोरगीच... भावोजी..." एवढंच तो कसाबसा म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्यावर डोळे वटारले, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. बाईंना उठून पळून जायचं होतं. पण खुर्ची मागे कललेली आणि कळ डॉक्टरांच्या पायाशी, त्यामुळे पळायचीही सोय नव्हती. कान तापले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"डॉक्टर," हेडसर म्हणाले, "तेहतीसवर लावा."

"सर, अहो, ते चुकीचं वाजेल."

"वाजू दे. बाईंनी ज्यांना आणलंय, त्यांना ऐकायला बसलोय आपण."

डॉक्टरांनी खटका मागे घेतला. ड्रम आता एकेक पायरी जोखत वर चढू लागले. गिटारी जडावल्या. आणि मग तो आला. भरड्या आवाजात, कसलीही घाई न करता, एकेका शब्दाशी थांबत गाऊ लागला. भोंगा अजून हसतच होता. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याचं हसू कधी ओसरलं, ते त्यालाही कळलं नाही. तो हळूच खाली बसला. बाईंनी डोळे उघडले नाहीत, पण खोलीत कोणी चुळबुळ करत नाहीये, एवढं त्यांना ऐकू येत होतं. त्यांना फार बरं वाटलं.

बाजू संपली. सुई मध्यावर नुसतीच करकरत राहिली.

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "यांचं आणखी काही मिळेल का हो?"

"नाही सर," बाई म्हणाल्या. "एवढंच गायलेत ते."

असं कोणी गायलेलंच नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनीही मान हलवली.

भोंग्याने आपली पिशवी जवळ ओढली. तळातून त्याने एक छोटी, पंचेचाळीसचीच रेकॉर्ड काढली. ती त्याच्या सगळ्यात लाडकी. ती लावली की शेजारी भिंत ठोकत. ती त्याने शर्टाला पुसली, स्वतःच जाऊन प्लेअरवर ठेवली आणि तेहतीसचा खटका तसाच राहू दिला.

"बघू तर," तो म्हणाला, "आमच्याकडे कोण राहतंय."