छोटा पाळणा

"रिकामा पाळणा हलवू नका हो," मालतीबाई म्हणाल्या, तसा विक्रेत्याने हात मागे घेतला. पाळणा माहेरानेच द्यायचा, म्हणून लेकीला सातवा लागताच त्या तिला घेऊन सांगलीतल्या या दुकानात आल्या होत्या.

प्राजक्ताला सागवानी पाळणा आवडला होता. बाळाचं डोकं अडकणार नाही इतके जवळजवळ गज, घट्ट गादी, आणि पुढे एका बाजूचा कठडा काढला की पाच वर्षांपर्यंत पलंग.

"हाच द्या," ती म्हणाली.

विक्रेत्याने तिचं आरोग्य कार्ड यंत्राला लावलं. बाळाच्या तपासणीशी जुळेल तोच पाळणा विकायचा, असा आता नियम होता. पडद्यावरचं वाचून त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ताई, हा नको. तो कोपऱ्यातला छोटा घ्या. सहा महिन्यांपर्यंत आरामात पुरेल."

"आणि त्यानंतर?"

तो कार्ड पुसत राहिला. "तो भाड्यानेही मिळतो," शेवटी एवढंच म्हणाला.

प्राजक्ताने सागवानी कठडा घट्ट धरला. "बाळाला आयुष्य किती आहे ते आम्हाला सांगू नका, असं दवाखान्यात लिहून दिलंय मी. सही केलीय."

"मी कुठे काय सांगितलं, ताई? मी फक्त पाळणा दाखवला."

मग काहीतरी करायचं म्हणून त्याने छोट्या पाळण्याला सवयीने झोका दिला. पाळणा आवाज न करता हलत राहिला. मालतीबाईंनी या वेळी त्याला थांबवलं नाही.