इंग्रजीतली विनंती

“समजा, मी पेशंटची बहीण आहे,” गंधाली मॅडम म्हणाल्या. “डोकं फिरलंय माझं. सरळ आयसीयूत घुसतेय. तुम्ही फ्रंट डेस्कवर आहात. काय म्हणाल?”

माधुरीने एका क्षणाचाही वेळ घेतला नाही. “मॅम, आय वुड लाइक टू रिक्वेस्ट यू टू वेट आउटसाइड.”

“आणि मी नाही ऐकलं तर?”

“आय अंडरस्टँड, मॅम. मे आय आस्क यू टू सिट हिअर? आय विल कॉल द डॉक्टर टू स्पीक टू यू.”

गंधाली मॅडमनी समोरच्या कागदावर बरोबरची खूण केली. मुलुंडच्या या हॉस्पिटलात माणसं निवडायचं काम त्यांचं, आणि साफसफाईच्या बायकांमधून फ्रंट डेस्कसाठी अर्ज करणारी माधुरी पहिलीच. बारा वर्षं तिने इथले मजले पुसले होते. आज जमलं तर सोमवारपासून खुर्ची, नाहीतर पुन्हा बादली. पण ती घाबरलेली वगैरे अजिबात नव्हती. घाटकोपरला शेजारच्या रश्मीने महिनाभर तिच्याकडून ही वाक्यं घोटून घेतली होती.

“काकी, ‘टू’ आला ना, की पुढचं क्रियापद आहे तसंच ठेवायचं. त्याला काही चिकटवायचं नाही,” रश्मी बजावायची. “आणि नुसतं ‘वेट आउटसाइड’ म्हणालात तर ती ऑर्डर झाली. आधी ‘आय वुड लाइक’ लावा, की झाली रिक्वेस्ट. झकास.”

माधुरीला हे प्रकरण भलतंच आवडलं होतं. आजवर तिला विनंती करायची म्हणजे मान खाली घालायची, एवढंच माहीत होतं. इथे फक्त वाक्य लांबवायचं, मान होती तिथेच राहते. महिनाभर ती कुकरलासुद्धा शिट्टी द्यायची रिक्वेस्ट करत होती.

पुढचा प्रश्न यायच्या आत दार उघडलं आणि सबनीस सर आत आले. हॉस्पिटलचे सर्वांत मोठे डॉक्टर. शेवटची सही त्यांचीच असायची. ओपीडी संपवून तसेच धावत आले होते. खुर्चीत बसले, घाम पुसला, टेबलावरची फाइल पुढे ओढली आणि मान वर न करताच म्हणाले, “मावशी, पाणी आण गं जरा.”

माधुरी उठली. उठली कसली, बारा वर्षांच्या सवयीने तिला उभं केलं. दोन पावलं टाकलीसुद्धा, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण मुलाखत द्यायला बसलो होतो.

गंधाली मॅडमचं पेन थांबलं.

वाट लागली, माधुरीच्या मनात आलं. पाणी नेऊन दिलं की सरांच्या लेखी ती कायमची मावशी, मग कितीही इंग्रजी फाडलं तरी उपयोग नाही. आणि नाही दिलं, तर सही याच माणसाकडून घ्यायची होती. तिला राग आला. सरांचा कमी, स्वतःच्या पायांचा जास्त. तिला न विचारता चालायला लागले होते.

ती मागे फिरली. खुर्चीत बसली. या वेळी पाठ टेकून.

“सर,” ती म्हणाली, “आय वुड लाइक टू रिक्वेस्ट यू टू टेक द वॉटर युअरसेल्फ. आय ॲम गिव्हिंग माय इंटरव्ह्यू.”

आवाज तोच होता, मघाशी पेशंटच्या बहिणीला थांबवणारा.

सरांनी मान वर केली. फाइलमधल्या फोटोकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. या बाईला ते रोज बघत होते आणि तरी त्यांना खात्री करून घ्यावी लागत होती.

“अरे, ही तू... तुम्ही होय,” ते म्हणाले. “सॉरी हं.”

“इट्स ओके, सर.”

सर उठले. कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर होता, पण ग्लास कुठे दिसेना. त्यांनी वरचं कपाट उघडलं. त्यात चहापावडर आणि कागदी नॅपकिन. खालचं उघडलं, तर फिनाइलचे कॅन. हॉस्पिटल सुरू झालं त्या दिवसापासून ते या खोलीत पाणी पीत आले होते.

“ग्लास कुठे असतात इथे?” त्यांनी गंधाली मॅडमना विचारलं.

मॅडमनी खांदे उडवले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग दोघंही माधुरीकडे बघू लागली.

माधुरीने दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले.

“डावीकडचा मधला खण, सर,” ती बसल्या जागेवरून म्हणाली. “आणि विसळून घ्या.”