पोटावरची पिशवी

"तुझ्या आईला विचार, हे दुखणं नक्की गोळीचंच का? आतडी काय, कुणाचीही बिघडतात."

आश्रयाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं संगणकावरची नजरसुद्धा हलवली नाही. दुभाष्या आलाच नव्हता, म्हणून दहावीतली मुलगी आईच्या वतीनं बोलत होती. सकाळपासून बोलून बोलून तिच्या तोंडाला फेस आला होता.

आई शांतपणे म्हणाली, "सांग त्याला, ते घर पेटवायला आले तेव्हा मी दारात होते. गोळी पोटात शिरली, आतडं कापावं लागलं. तेव्हापासून शी पोटावरच्या पिशवीत येते. परत पाठवलंत तर ती माणसं तिथं आहेतच. आणि ती नसली तरी ही पिशवी तिथं मिळत नाही."

मुलीनं सांगितलं. 'शी'साठी जरा डॉक्टरी शब्द वापरला.

"कागद पाहिले," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "कागद काय, इथे प्रत्येकजण घेऊन येतो. बाई तर चांगली ठणठणीत दिसतेय."

ठणठणीत! मुलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तसं दिसायला आई पहाटे उठते, हे या नाकानं कांदे सोलणाऱ्याला कोण सांगणार? आसऱ्याला आलेल्यांच्या वसतिगृहात अख्ख्या मजल्याला मिळून एक न्हाणीघर. तिथली व्यवस्थापक बाई पिशव्या अशा हात आखडून देते, जशा काही तिच्या माहेरून आल्यात. मग आई जुनीच धुते, वाळवते, पुन्हा लावते आणि वर इतकं अत्तर फासते की सगळ्यांना ठसका लागावा. पोटच्या पोरीलासुद्धा तिनं ती पिशवी कधी दाखवली नव्हती.

"काय म्हणाला गं?"

"म्हणतोय, तू ठणठणीत दिसतेस." त्याच्या कळफलकावर थुंकावं असं मुलीला वाटत होतं.

"असं होय?" आईनं ओढणी नीट केली आणि हात टेबलाखाली नेला. पिशवीचा चिमटा सुटल्याचा बारीक आवाज आला.

मग वास आला. साधासुधा नाही, घशात बोट घालणारा. मुलीचा हात आपोआप नाकाकडे गेला. आई तिच्याकडेच बघत होती. मुलीनं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि दात आवळून श्वास ओढला.

अधिकारी ताडकन उठला. खिडकीशी जाऊन त्यानं कडी ओढली, चौकटीला धक्के दिले. कायमची बंद केलेली खिडकी ती, तसूभर हलली नाही.

"थांबवायला सांग तिला! आत्ताच्या आत्ता!"

"आई, थांबव म्हणतोय."

"सांग त्याला, माझं आतडं मला विचारून चालत नाही."

मुलीनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं. तो दाराकडे वळला.

"आणि बस म्हणावं," आई म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते, पण आवाज कापला नाही. "मुलाखत संपलेली नाही अजून."

मुलीनं तेही सांगितलं, शब्द न् शब्द, खणखणीत आवाजात.

अधिकारी बाहीनं नाक दाबून परत खुर्चीत बसला. आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं आईकडे पाहिलं.