जेवायचा हात

मुलगा सकाळपासून आईला डावं-उजवं शिकवत होता, जणू चार पोरं वाढवलेल्या बाईला जेवायचा हात कुठला तेही ठाऊक नव्हतं. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. गाडी चालवताना यानं तो मोडला, एका स्कूटरला धडक दिली आणि स्कूटरवरचा शिंपी काल दवाखान्यात वारला. शेजारच्या सीटवर बसलेली आई एकटीच साक्षीदार. "स्कूटर डावीकडून आली म्हण, नाहीतर मी तुरुंगात सडेन," त्यानं पुन्हा बजावलं. चौकीत समोरच्या बाकावर शिंप्याची बायको फुटलेलं हेल्मेट मांडीवर घेऊन त्याची काच बाहीनं पुसत होती. "आजी, स्कूटर कुठल्या बाजूनं आली?" फौजदारानं विचारलं. मुलानं तिच्या डाव्या हाताला चिमटा काढला. तिनं तो झटकला आणि उजवा उचलला. "आई, काय केलंस हे!" "त्या चौकात पहिला नंबर त्याचा होता, बाळा. आता तुझा लागला."