आतला सांधा

"शेठ, मासे सोडायच्या आधी मी एकदा आत उतरून बघू का?"

विचारलं धनश्रीनं. सरळ विचारूनच टाकलं. शाळेतल्या, नववीतल्या प्राजक्तानं आणि तिच्या टोळीनं पैज लावली होती की मगनशेठच्या बंगल्यात गेल्यावर हिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आता सोफ्यावर बसलेले मगनशेठ पोट हलवत हसत होते.

"पहेलां पाणी तो भरवा दे, दीकरी."

माशांचा टँक होताच तसा, उतरून बघावा असा. दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामधली अख्खी भिंत पाडून बसवलेला. चौदा फूट लांब, चार फूट उंच, काच पाऊण इंच जाड. बावीस दिवस तिचे आप्पा आणि माय रोज लिंबायतच्या वस्तीतून इथे येत होते. काच आप्पा कापायचे, काचांमधले सांधे माय सिलिकॉननं भरायची. शाळा सुटली की धनश्रीही येऊन बसायची.

"परमदिवसे वास्तु छे. थई जशे ने, लक्ष्मणभाई?" निघताना शेठनी विचारलं.

आप्पांनी मान डोलावली. शेठसमोर आप्पा नेहमीच मान डोलवत. परवाच्या वास्तुशांतीसाठी घाई म्हणून पाणी भरून बघायच्या आधीच टँकवर सागवानी छत ठोकून घेऊ, असं शेठ म्हणाले तेव्हाही डोलावली होती. आता वरून आत जायला माशांना खाणं टाकायची खिडकी तेवढी उरली होती, जेमतेम सव्वा फुटाची.

शेठची गाडी आमंत्रणं द्यायला निघून गेली. आप्पांनी नळी सोडली. खाली सगळीकडे वर्तमानपत्रं पसरलेली. पाणी वीतभर चढलं आणि दिवाणखान्याकडच्या कोपऱ्यातला कागद काळा पडला. पाहिलं मायनं. कागदावर बोट टेकवलं आणि ते ओलं बोट आप्पांना दाखवलं.

आप्पांनी नळ बंद केला आणि खालीच बसले. छत काढायचं तर हातोडा मारावा लागणार, हातोड्यानं काच तडकणार. आणि एवढा टँक तडकला, हे एकदा गावभर झालं की लक्ष्मणला पुन्हा असं काम कोण देणार?

पाणी उपसून आत कोरडं केलं. मायनं खिडकीतून डोकं घातलं, एक खांदा घातला, पुन्हा बाहेर काढला. दुसरा घालून बघितला. मग लेकीकडे पाहिलं.

"मन्हा खांदा जात नही. तू बारीक शे. उतर."

आप्पा म्हणाले, पोर आहे ती, सिलिकॉनची गन कधी हातात धरली नाही तिनं.

"बावीस दिन ती काय देखत व्हती मंग?" माय म्हणाली.

आत गेल्या गेल्या बाहेरचे आवाज बंद झाले. धनश्रीनं मायचे सांधे पहिल्यांदाच आतून पाहिले आणि पाहतच राहिली. पट्टीनं आखल्यासारखे, कुठे गाठ नाही, कुठे बुडबुडा नाही. सोफ्यावर बसणारे लोक मासे बघणार. हे बघणार फक्त मासे. तरीही मायनं चारी बाजूंना असेच भरले होते.

चुकला होता तो एवढा एकच. तिनं ब्लेडनं जुनं सिलिकॉन खरवडलं. तळाशी मोहरीएवढा बुडबुडा निघाला. काच स्पिरिटनं पुसली, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, गन दाबत कोपरा खालपासून वरपर्यंत भरला. आता राहिलं ते खरं काम. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते एका दमात सांध्यावरून न्यायचं. मध्ये थांबलं की वळ उठतो आणि वळातून पाणी वाट काढतं.

बाहेरून माय काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मग मायनं बोलणं सोडलं. खाली वाकून तिनं बाहेरून काचेवर बोट टेकवलं.

धनश्रीनं आतून त्याच जागी आपलं बोट ठेवलं.

मायचं बोट वर निघालं, हिचंही निघालं. मधे पाऊण इंच काच. अर्ध्यावर मायनं जरा दाब वाढवल्यासारखं केलं, नखाखाली पांढरं पडलेलं दिसलं. हिनंही दाब वाढवला. श्वास दोघींनी धरलेला. वरच्या कडेला मायचं बोट सुटलं, तेव्हाच हिनं आपलं उचललं.

ती बाहेर आली तेव्हा आप्पा बॅटरी मारून कोपरा बघत होते. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मग शेजारच्या कोपऱ्यावर बॅटरी मारली, पुन्हा या कोपऱ्यावर.

"तुना कोनता नि हिना कोनता, वळखाले येत नही," ते मायला म्हणाले.

माय गालातल्या गालात हसली. मग म्हणाली, नवा सांधा आहे, आठ दिवस तरी सुकायला हवा.

आप्पांचा चेहरा उतरला. परवा तर वास्तू. दोन दिवस पंखा लावू, ते पुटपुटले, तेवढ्यात सुकेलही, शेठना नाही म्हणून कसं सांगायचं. त्यांनी कोपऱ्याकडे तोंड करून पंखा सुरूही केला. फाटकापाशी शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि आप्पा घाईघाईनं शर्ट नीट करू लागले.

धनश्रीनं पंख्याचं बटण बंद केलं.

"आप्पा, तो सांधा मी भरलाय. आठ दिवस यात पाण्याचा थेंब पडणार नाही. शेठशी मी बोलणार आहे. तुम्ही आणि माय फक्त माझ्या मागे उभे राहा."