भुवयांपर्यंत फेटा

अमेरिकेतल्या बॉथेलमधल्या मराठी लग्नांत फेटे बांधावेत ते दिगंबरमामांनीच, आणि कपाळ मोकळं सोडून. आज मात्र भाचीच्या नवरदेवाला त्यांनी तिसऱ्यांदा फेटा बांधला आणि त्यानं तिसऱ्यांदा तो भुवयांपर्यंत खाली ओढला. "सॉरी मामा, आमच्याकडे असाच बांधतात." "मग टिळा कुठे लावू, नाकावर?" मामा तडकले. तेव्हा मुलाची आजी पुढे आली. ती मॉरिशसची मराठी, खास या लग्नासाठी आलेली. "आमचा मूळपुरुष कोकणातला, पलटणीतला शिपाई," ती म्हणाली. "गोऱ्या साहेबावर हात उचलला म्हणून त्याच्या कपाळावर गुन्हा गोंदला आणि बेड्या घालून बोटीनं मॉरिशसला रस्ते बांधायला धाडलं. सुटल्यावर तिथल्याच एका बाईनं त्याला पसंत केलं. गोंदण दिसू नये म्हणून तो फेटा असा ओढून बोहल्यावर उभा राहिला. लग्नाला त्याच्याकडचं एकही माणूस नव्हतं. तेव्हापासून आमचा प्रत्येक नवरदेव फेटा असाच बांधतो, त्याला सोबत म्हणून." खिशातली सेफ्टी पिन काढून मामांनी मुलाचा फेटा होता तिथेच पक्का केला, आणि आरशासमोर जाऊन स्वतःचाही खाली ओढला. बाहेर फोटोसाठी मुलीकडची माणसं टिळे लावून रांगेत उभी होती. "फेटे खाली घ्या सगळ्यांनी, भुवयांपर्यंत," मामा म्हणाले. "अरे दादा, टिळे झाकले जातील ना," नवरीची आई म्हणाली. "जाऊ देत," एकेकाचा फेटा खाली ओढत मामा म्हणाले. "आज आपण मुलाकडचे."